एक हाड व्हिनेगरमध्ये, एक ओव्हनमध्ये: हाड मजबूत का असतं ते हातात घेऊन बघा

हाड म्हणजे कॅल्शियम, एवढंच आपल्या डोक्यात फिट्ट बसलेलं असतं. पण नुसत्या कॅल्शियमचं हाड असतं तर जिना उतरतानाच खडूसारखं तुटलं असतं. हाड हे कंपोझिट आहे, फायबरग्लाससारखं, म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांत इतके गुंतलेले की वेगळं करायला केमिस्ट्रीच लागते. ती आपण घरी करू शकतो.

चिकनच्या तंगडीची तीन हाडं घ्या, शक्यतो सारख्या जाडीची. कच्ची किंवा जेमतेम उकडलेली हवीत, कुकरमधली अजिबात नको! (मी पहिल्यांदा कुकरमधलीच घेतली होती, हाड वाकायच्या ऐवजी चुरा झालं आणि दोन दिवस कळेना काय चुकलं. कुकरमध्ये कोलॅजनचं, म्हणजे हाडातल्या प्रथिनाच्या धाग्यांचं, जिलेटिन होऊन ते रश्श्यात उतरतं, मग दाखवायला उरतं काय.) मांस आणि टोकाची कूर्चा नीट खरवडून काढा, हात साबणाने धुवा.

पहिलं हाड तसंच ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये, तुलनेला लागेल.

दुसरं काचेच्या बरणीत साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. झाकण घट्ट लावू नका, कारण हाडातल्या खनिजात थोडं कार्बोनेट असतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, बारीक बारीक बुडबुडे दिसतील. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. तंगडीच्या हाडाला आठवडाभर तरी लागतो, पण तिला चिकटून सुईसारखं एक बारीक हाड असतं ना, तेही सोबत टाका, ते खूप आधी मऊ होतं आणि धीर टिकतो. झालं की नाही बघायला टाचणी टोचा, आत कुठे टणक लागलं तर अजून ठेवा.

तिसरं ओव्हनमध्ये 120-130 डिग्रीला साधारण तीन तास, खिडकी उघडी ठेवून, वास येतो. इथे एक प्रामाणिकपणे सांगतो, घरच्या ओव्हनमध्ये कोलॅजन पूर्ण जळत नाही, ते सुकतं आणि बिघडतं फक्त. सगळं जाळून निव्वळ खनिज ठेवायचं तर 500-600 डिग्रीची भट्टी लागते. पण आपल्या कामाला एवढं पुरतं.

आता तिन्ही ओळीने ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा आणि वाकवा. व्हिनेगरवालं रबरासारखं वाकतं, बारीक हाडाची तर चक्क अंगठी होते, आणि गंमत म्हणजे आकार जसाच्या तसा, फक्त खनिज निघून गेलंय. ओव्हनवालं दिसायला तेच, पण वाकायचं नाव नाही, कट्‌कन तुटतं. साधं हाड आधी थोडं दबतं, जोर वाढवला की मगच मोडतं, तेही चिरफाळ्या निघून.

हा जो मधला टप्पा आहे ना, दबणं आणि मग मोडणं, सगळी कमाल तिथे आहे. हायड्रॉक्सीॲपेटाइट नावाच्या खनिजाच्या काही नॅनोमीटर जाडीच्या चकत्या कोलॅजनच्या धाग्यांच्या आत आणि भोवती बसलेल्या असतात. खनिज ताठपणा देतं, धागे ताण घेतात, आणि पाण्यामुळे धागे लवचिक राहतात. माणसाच्या कडक हाडात वजनाने साधारण 60-65 टक्के खनिज असतं, बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. निसर्गाने केलेले दोन बिघाडही बघण्यासारखे आहेत: मुडदूस झालेल्या मुलाची हाडं वाकतात कारण खनिज नीट बसत नाही, आणि ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा नावाच्या जनुकीय आजारात कोलॅजनच सदोष असतं म्हणून हाडं पटापट मोडतात. आपल्या टेबलावरची दोन हाडं ढोबळमानाने तीच दोन टोकं.

चिरफाळ्या उभ्याच का निघतात? कारण धागे बहुतेक हाडाच्या लांबीच्या दिशेने असतात, लाकडासारखंच. माणसाच्या मांडीच्या हाडाचा कडक भाग लांबीच्या दिशेने ओढला तर साधारण 130 मेगापास्कल (हे ताण मोजायचं एकक) ताण सोसतो, आडवा ओढला तर 50 च्या आसपास. दाबाला मात्र 200 पर्यंत टिकतो, म्हणूनच वाकवलेलं हाड आधी बाहेरच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूने फुटतं. आडवी जाणारी चीर धाग्यांच्या थरांवर आदळून वळते, वळताना तिची ताकद खर्च होते. तुटलेल्या कडेवर बोट फिरवू नका, नजरेनेच बघा, ओव्हनवाल्याची कड सपाट आणि साध्याची दातेरी दिसेल.

शेवटचं एक, व्हिनेगरवालं हाड फेकू नका. धुऊन दोन-तीन दिवस उघड्यावर वाळवा, ते आकसून पिवळसर आणि पुन्हा टणक होतं आणि वाटतं की खनिज परत आलं की काय! पाण्यात टाका, काही तासांनी परत मऊ.