विक्रमाचा आकडा स्वतः भागून बघा

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. जेवणाच्या सुट्टीत पोरं मोबाईल पुढं करतात, "काका, ही गाडी बघा, ताशी पाचशेनं गेली!" मी विचारतो, किती अंतर आणि किती सेकंद? सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, आम्ही मायक्रोमीटर लावल्याशिवाय मान्य करत नाही, मग वेग का मान्य करायचा? त्यासाठी मी पोरांना एक वही करायला लावली आहे. कळलेला आकडा पेन्सिलनं लिहायचा, तपासून झाला की शाईनं.

पहिला भागाकार पाठ करा. एका तासात 3600 सेकंद. गाडीनं एक किलोमीटर जितक्या सेकंदात कापला, त्या सेकंदांनी 3600 ला भागा, ताशी वेग मिळतो. सांगलीला जाताना शेजारच्या सीटवर बसून लागोपाठच्या दोन मैलाच्या दगडांमधल्या एका किलोमीटरची वेळ घ्या (चालवणाऱ्यानं घड्याळाकडं बघायचं नाही). 45 सेकंद आले तर वेग 80. 29 एप्रिल 1899 रोजी पॅरिसजवळ आशेरला कामिय जेनात्झीनं एक किलोमीटर 34 सेकंदात कापला. भागा: 105.88. शंभरी ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि ती बॅटरीवर चालत होती, हे पोरांना दरवेळी नव्यानं पटवावं लागतं.

दुसरं बघायचं ते दिशा. मोजायच्या टप्प्यात गाडी आधीच वेग घेऊन शिरते, त्यामुळं पाठीमागून वारा असला किंवा जमिनीला जरासा उतार असला तरी आकडा फुगतो. म्हणून जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमाला जाऊन परत यावं लागतं, तेही एका तासाच्या आत. सरासरी काढताना मात्र वेगांची काढू नका, वेळांची काढा. समजा, जाताना किलोमीटरला 9 सेकंद लागले, म्हणजे 400. येताना 12, म्हणजे 300. झटकन 350 म्हणाल. पण वेळांची सरासरी 10.5 सेकंद, आणि 3600 भागिले 10.5 म्हणजे 342.86. सात किलोमीटरचा फरक! एवढ्या फरकात दुसऱ्या कुणाचा विक्रम राहतो किंवा जातो.

तासाची अट किती कडक असते ते थ्रस्ट एसएससी या जेट गाडीच्या मंडळींना विचारा. 13 ऑक्टोबर 1997 ला अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीननं आवाजाचा वेग ओलांडला, पण परतीची धाव तासापेक्षा मिनिटभर उशिरा झाली आणि विक्रम धरला गेला नाही. दोन दिवसांनी सगळं पुन्हा केलं, तेव्हा मैलाची सरासरी आली ताशी 1227.985 किलोमीटर. ती आजही टिकून आहे. या गाडीला दोन जेट इंजिनं होती. चाकं भरीव ॲल्युमिनियमची आणि नुसती लोळणारी, त्यांना इंजिनाची ताकद जातच नव्हती. समर्स बंधूंच्या गोल्डनरॉडनं 1965 मध्ये चार पिस्टन इंजिनांची ताकद चाकांना देऊन अमेरिकेतल्या बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर ताशी 409 मैल गाठले. वहीत हे दोघं एका पानावर नकोत. माझं मन कुठल्या पानावर रमतं ते माझ्या धंद्यावरून कळेलच.

सर्किटचा विक्रम असेल तर आधी विचारा: पात्रता फेरीतला की शर्यतीतला? इटलीतलं मोन्झाचं सर्किट 5.793 किलोमीटरचं. 2020 मध्ये फॉर्म्युला वनच्या हॅमिल्टननं पात्रता फेरीत 1 मिनिट 18.887 सेकंद घेतले. भागून बघा, ताशी 264 च्या वर येतं. तरीही शर्यतीतल्या सर्वांत वेगवान फेरीचा विक्रम बारिकेलोच्या नावावरच राहिला, 2004 चा, 1 मिनिट 21.046 सेकंदांचा. कारण इंधन. 2004 मध्ये शर्यतीच्या मधे इंधन भरता यायचं, गाडी हलकी पळायची. 2020 मध्ये अख्ख्या शर्यतीचं ओझं पहिल्या फेरीपासून अंगावर. 2025 मध्ये नॉरिसनं 1 मिनिट 20.901 केलं तेव्हा कुठं तो विक्रम मोडला. सर्किट बदललं का तेही पाहा. 1971 ला तिथं पीटर गेथिन 242.615 च्या सरासरीनं जिंकला, दुसऱ्यापेक्षा फक्त 0.01 सेकंद आधी. तेव्हा शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी आखूड वळणं, नव्हते, एकमेकांच्या मागं हवेच्या आडोशानं गाड्या सुसाट जायच्या. शिकेन आले 1972 मध्ये.

आता माझ्या आवडीची तपासणी. इंजिनाचे मिनिटाचे फेरे घ्या, गिअर आणि डिफरन्शियलच्या एकूण गुणोत्तरानं (इंजिनाचे किती फेरे झाले की चाक एकदा फिरतं) भागा, टायरच्या घेरानं गुणा. 6000 फेरे, गुणोत्तर 4, घेर 2 मीटर: चाक मिनिटाला 1500 वेळा फिरतं, म्हणजे 3000 मीटर, म्हणजे ताशी 180. प्रचंड वेगात टायर फुगतो आणि थोडा घसरतोही, त्यामुळं हा अंदाजच समजा. पण आकड्यात मोठी खोट असेल तर इथं उघडी पडते.

व्हिडिओ असेल तर रस्त्यावरच्या दोन खुणा धरा, नकाशावर अंतर मोजा, मधल्या फ्रेम मोजा. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर ताशी 500 ची गाडी प्रत्येक फ्रेममध्ये 4.63 मीटर सरकली पाहिजे. ऑक्टोबर 2020 मध्ये एसएससी कंपनीच्या तुआतारा गाडीबद्दल दावा आला: नेवाडातल्या रस्त्यावर दोन दिशांची सरासरी 508.73. लोकांनी घरी बसून अशाच खुणा मोजल्या. त्याच रस्त्यावर 2017 मध्ये 447.19 ची सरासरी करणाऱ्या कोनिगसेग आगेराचा व्हिडिओ शेजारी लावला. हिशेब जुळेना. जुलै 2021 मध्ये कंपनीनं मान्य केलं की तो वेग गाठला नव्हता. त्याआधी जानेवारीत फ्लोरिडात त्याच गाडीनं दोन्ही दिशा धावून 455.3 केले होते. तो आकडा माझ्या वहीत शाईनं आहे.