वाइप संपतच नाही? महापेच्या बेंचवर बसणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नवी मुंबई-ठाण्याच्या महापे, रबाळे, वागळे इस्टेट या पट्ट्यात लॅपटॉप रिफर्बिशिंगच्या, म्हणजे जुने लॅपटॉप पुन्हा विकण्याजोगे करण्याच्या कामाला लागलात, तर पहिल्या आठवड्यात तुमच्यापुढे वाइपचंच काम येणार. कंपन्यांनी भाडेमुदत संपल्यावर परत केलेले लॅपटॉप लॉटने येतात. आधी त्यातला डेटा पुसायचा, हाच वाइप, मग मशीन क्यूसीला, म्हणजे तपासणीला. ऐकायला सोपं आहे. पण जुनं मशीन दुपारच्या जेवणापर्यंत मोकळं होतं आणि नवंकोरं दिसणारं संध्याकाळी घणसोलीची शेअर रिक्षा पकडायची वेळ झाली तरी तीस टक्क्यांतच असतं. मग सर येऊन विचारतात, "कालच्या लॉटचं काय झालं?" आणि नवा माणूस घाबरून वाइप थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो. हे मात्र करू नका.

टक्केवारी सोडा, वेग बघा. वाइप म्हणजे जुन्या डेटावर नवं काहीतरी लिहिणं. पहिली पंधरा-वीस मिनिटं डिस्कवर सेकंदाला किती एमबी लिहिले जातायत ते कागदावर टिपत जा. हळू असण्याचेही प्रकार असतात, आणि प्रकार कळला की कारण निम्मं सापडतं.

वेग पहिल्या मिनिटापासून ३५-४० एमबीवर ठाम असेल, तर डिस्कला दोष देऊ नका. तुम्ही ती काढून बाहेरच्या केसमध्ये घातली आहे आणि केबल किंवा पोर्ट यूएसबी २ चं आहे. ५१२ जीबीची डिस्क ४० एमबीच्या वेगाने एकदा लिहायला साडेतीन तास लागतात. तीन पास, म्हणजे अख्खी डिस्क तीनदा लिहिणं, लावले की साडेदहा, म्हणजे शिफ्ट गेली. केबल बदला. डिस्क लॅपटॉपमध्येच असून वेग असाच सपाट असेल, तर कुणीतरी लिनक्सवर डीडी हा डिस्कवर लिहिणारा आदेश ब्लॉक साइझ (एका वेळी किती लिहायचं ते) न देता चालवलेला असतो. तसं सोडलं तर तो एका वेळी ५१२ बाइट एवढंच लिहितो. ब्लॉक ४ एमबीचा करा, फरक लगेच दिसेल.

सुरुवातीला हजार-दोन हजार एमबी आणि मग एकदम शंभराच्या आसपास, हा प्रकार नव्या मशीनवर सगळ्यात जास्त दिसतो. स्वस्तातल्या एसएसडीमध्ये क्यूएलसी फ्लॅश असते, एका सेलमध्ये चार बिट ठेवणारी. तिच्यावर थेट लिहिणं मुळातच संथ, म्हणून कंट्रोलर, म्हणजे डिस्कमधली कारभार बघणारी चिप, काही भाग एका सेलला एकच बिट अशा पद्धतीने वापरतो. वाशीच्या एपीएमसीत गाळ्यापुढचा ओटा असतो ना, तसं: ट्रकमधला माल भराभर ओट्यावर उतरतो, हमाल सवडीने आत लावतात, पण ओटा भरला की ट्रक उभाच. रोजच्या वापरात ओटा कधी भरत नाही, म्हणून ग्राहकाला डिस्क झकास वाटते. वाइप मात्र अख्खी डिस्क एका दमात लिहितो. १ टीबीची डिस्क १०० एमबीच्या वेगाने भरायला पावणेतीन तास लागतात, आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

वेग करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत असेल, तर उष्णता. तापमान सत्तरीच्या पुढे गेलं की बहुतेक एनव्हीएमई डिस्का, म्हणजे नव्या वेगवान जोडणीच्या एसएसडी, स्वतःहून वेग पाडतात. पातळ लॅपटॉपमध्ये वारा जायला जागा नसते, त्यात आपण बेंचवर मशीन एकाला एक खेटून ठेवतो. मागचं झाकण काढा, टेबलफॅन लावा, स्मार्ट लॉगमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, तापमान बघा. फॅनने वेग परत आला तर निदान पक्कं. वेग मध्येच शून्यावर जाऊन थांबत असेल आणि लॉगमध्ये मीडिया एरर वाढत असतील, तर ती डिस्क वाचवण्यात वेळ घालवू नका, टॅग लावून बाजूला ठेवा.

हे सगळं सांगितलं खरं, पण माझं मत विचाराल तर एसएसडीवर पासवर पास मारणंच चुकीचं आहे. कंट्रोलर सेलची झीज सारखी राहावी म्हणून लिखाण इकडून तिकडे फिरवतो, शिवाय आपल्याला न दिसणारी राखीव जागा ठेवतो. बाहेरून कितीही वेळा लिहा, तिथे पोचल्याची खात्री नाही. वर डिस्कचं आयुष्य फुकट खर्च होतं, आणि तीच डिस्क आपल्याला पुढे विकायची असते. डिस्कलाच सांगायचं, स्वतःला पूस. एनव्हीएमईमध्ये त्यासाठी फॉरमॅट आणि सॅनिटाइझ हे आदेश असतात. फॉरमॅटमध्ये सिक्युअर इरेजची सेटिंग १ दिली की डेटा पुसला जातो, २ दिली की फक्त एन्क्रिप्शनची किल्ली नष्ट होते, आणि तिच्याशिवाय डेटा वाचताच येत नाही. बहुतेक वेळा काम काही सेकंदांत, फार तर मिनिटांत होतं. सॅनिटाइझ एकदा सुरू झालं की मागे घेता येत नाही, वीज गेली तरी परत आल्यावर ते पुढे चालू होतं. म्हणून एंटर मारण्यापूर्वी डिस्कचा सीरियल नंबर टॅगशी जुळवा. बेंचवर याहून महत्त्वाची सवय नाही.

आता अडतं कुठे? बऱ्याचदा डिस्कच दिसत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्कला इंटेलच्या कंट्रोलरमागे ठेवणारी सेटिंग बहुधा चालू असते; काही बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तिला 'रेड ऑन' म्हणतात. ती एएचसीआय किंवा एनव्हीएमई या साध्या पर्यायावर आणा. सिक्युअर बूटही बंद करावं लागतं, नाहीतर डिस्क पुसणाऱ्या श्रेडओएस या प्रणालीचा पेनड्राइव्ह उठत नाही. जुन्या लोकांचा लाडका डीबॅन हा पुसायचा प्रोग्राम तर विसराच. २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती नाही, आणि नव्या मशीनमध्ये त्याला लागणारं लेगसी बूट बहुधा नसतंच.

दुसरी अडचण म्हणजे 'फ्रोझन' डिस्क. बायोस सुरू होतानाच इरेजच्या आदेशाला कुलूप घालतो. जुनी युक्ती होती मशीन झोपवून उठवायचं, कुलूप उघडायचं. नव्या मशीनमध्ये ती खोल झोपच काढून टाकली आहे, डिस्कची वीज तुटत नाही, त्यामुळे युक्ती चालत नाही. अशा वेळी बायोसमध्येच शोधा. एचपी, डेल, लेनोव्हो यांच्या ऑफिससाठीच्या मॉडेलांत डिस्क पुसायची सोय आतच दिलेली असते.

कधीकधी अडचण मशीनमध्ये नसून ग्राहकाच्या मेलमध्ये असते: "डीओडी ३ पास हवा", म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या नावाने ओळखली जाणारी तीनदा लिहायची पद्धत. कुणी तर ३५ पास मागतं. ती ३५ ची पद्धत १९९६ सालच्या एका शोधनिबंधातली, त्या काळच्या हार्डडिस्कसाठीची. निबंधाचे लेखक गुटमन यांनीच नंतर सांगितलं की आजच्या डिस्कला ती लावण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेचं ८००-८८ हे मार्गदर्शन क्लिअर (साधं पुसणं), पर्ज (प्रयोगशाळेतही परत मिळू नये असं पुसणं) आणि डिस्ट्रॉय (डिस्कच नष्ट करणं) अशा तीन पातळ्या सांगतं, आणि डिस्कचा सॅनिटाइझ आदेश पर्जमध्ये बसतो. पण हे तुम्ही ग्राहकाशी वाद घालून ठरवायचं नाही. सरांना सांगा, त्यांनी मेल करून लेखी होकार घ्यावा. तोवर त्या लॉटला हात लावू नका.

मॅकबुकचं निराळं आहे. २०१८ पासूनच्या टी२ चिपवाल्या आणि ॲपल सिलिकॉनच्या मशीनमध्ये डेटा कायम एन्क्रिप्टेडच असतो, म्हणून पुसणं काही मिनिटांचं. मशीन तिथे अडतं ते जुन्या मालकाच्या ॲक्टिव्हेशन लॉकवर, म्हणजे त्याच्या ॲपल खात्याशी जोडलेल्या कुलपावर, आणि तो मालकालाच काढायला लावावा लागतो.

पडताळणीबद्दल एक सांगते, कारण इथे हुशार मुलंही गोंधळतात. किल्ली नष्ट केल्यावर डिस्क वाचली तर काही मॉडेलांत शून्यं दिसतात, काहींत नुसता कचरा. कचरा दिसला म्हणजे पुसलं गेलं नाही, असं नसतं. पुसण्याआधी डिस्कच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे, डेटा असलेले काही सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) वाचून ठेवा, नंतर तेच वाचून ताडून बघा. एकही जुळला तर डेटा पुसल्याचं सर्टिफिकेट छापू नका, मशीन परत बेंचवर घ्या.