‘औषध लागंना झालंय’ म्हणण्याआधी: मलेरियाच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

पंचगंगेचं पाणी पात्रात परत गेलं, ऊन-पाऊस सुरू झाला की कोल्हापुरात थंडी-तापाचे पेशंट वाढतात. लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघत माझी बरीच वर्षं गेली. या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "म्याडम, औषध लागंना झालंय, कडक काय असंल तर सांगा की." बहुतेक वेळा औषध चांगलं असतं, घेण्यात चूक झालेली असते. पण याच चुका घरोघरी होत राहिल्या, तर ते वाक्य एक दिवस खरं ठरेल. मला काळजी वाटते ती त्याची.

ताप गेला, गोळ्या थांबवल्या

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारा एक पोरगा आला होता. गावाकडं ओडिशाला जाऊन परतला आणि हुडहुडी भरली. स्लाइडवर व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाच्या परजीवीची एक जात. त्याला तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन लिहून दिलं. चौथ्या दिवशी अंग हलकं झालं, तशा त्यानं गोळ्या सोडल्या. उरलेल्यांतल्या चार-पाच खोलीतल्या मित्राला दिल्या, कारण त्यालाही 'तसाच ताप' होता. दोन महिन्यांनी घरमालकीण मावशी त्याला घेऊन पुन्हा दारात. मावशींचं म्हणणं एकच: गोळ्या बदला.

बदलायचं काहीच नव्हतं. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी जागे होतात. क्लोरोक्वीन रक्तातल्या परजीवींना मारतं, यकृतातल्या झोपलेल्यांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. तिथं प्रायमाक्विनच लागतं आणि तेही पुरते चौदा दिवस. ताप उतरल्यावरच्या दहा-अकरा गोळ्या पुढच्या तापासाठी असतात, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी कागदावर यकृत काढून दाखवलं, तेव्हा त्याला पटलं.

प्रायमाक्विनबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत. काहींच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर 'कोर्स पुरा करायचा' हा नियम बाजूला ठेवायचा, गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

'शरीराला औषधाची सवय झाली'

हा समज इतका खोलवर रुजलाय की शिकलेली माणसंही असंच बोलतात. बदलतं ते शरीर नव्हे, परजीवी. हे समजायला माझ्या सूक्ष्मदर्शकातून एकदा बघायला हवं. वाढलेल्या परजीवीच्या पोटात तपकिरी कण दिसतात. परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम त्याला विषारी असतं, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. ते हे कण. क्लोरोक्वीन नेमकं हेच काम अडवतं. स्फटिक होत नाहीत, हीम साचतं आणि परजीवी स्वतःच्याच जेवणानं मरतो.

आता रक्तातल्या कोट्यवधी परजीवींमध्ये एखादा असा निपजतो, ज्याच्या पचनाच्या पिशवीच्या भिंतीतलं एक प्रथिन बदललेलं असतं. आत आलेलं क्लोरोक्वीन तो तिथून बाहेर काढून टाकतो. औषधानं बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. डास चावला की तोच पुढच्या घरी जातो. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीच्या बाबतीत भारतात हे पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात दिसलं. आज फाल्सिपॅरमला क्लोरोक्वीन देत नाहीत.

त्याच्या जागी आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि जोडीला दुसरं, असं मिश्रण देतात. आर्टेमिसिनिन झपाट्यानं परजीवी मारतं, पण काही तासांतच शरीरातून निघून जातं. उरलेसुरले मारायला जोडीदार रक्तात रेंगाळावा लागतो. म्हणूनच 'डॉक्टर, एक सुई मारा, कामावर जायचंय' हा हट्ट मला घातक वाटतो. सुईनं बरं वाटतं आणि पुढच्या गोळ्या राहूनच जातात. जोडीदार कमकुवत झाला तरी पंचाईत होते. ईशान्येकडच्या राज्यांत २०१३ मध्ये जोडी बदलून आर्टेमीथर-ल्युमेफँट्रिन आणावी लागली, कारण जुन्या जोडीतलं सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन तिथं पुरं पडेना. कंबोडियात तर आर्टेमिसिनिनलाच दाद न देणारे परजीवी सापडलेत. कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थेत ते वाढ मंद करून औषधाची वेळ टाळतात.

छोट्या वाटणाऱ्या चुका

ल्युमेफँट्रिन रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. कोल्हापुरात म्हशीच्या दुधाला तोटा नाही. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण, न तापवलेलं, आजाऱ्याला नको, घरी तापवलेलं साईसकट कपभर पुरे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पोटात गेला असं धरू नका. डॉक्टरांना सांगा, तो परत घ्यावा लागतो.

मेडिकलमधून दोन गोळ्या खाऊन मग रक्त द्यायला येऊ नका. परजीवी कमी होतात, स्लाइड स्वच्छ दिसते आणि आजार आत राहतो. रक्त पहिल्या गोळीच्या आधी द्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि थंडी वाजून ताप येतच राहिला, तर पुन्हा द्या.

याच्या उलटही घाबरगुंडी उडते. फाल्सिपॅरमच्या उपचारानंतर झटपट रक्ततपासणीच्या किटवर पुन्हा रेघ उमटली की माणसं हबकतात. किट परजीवीचं प्रथिन ओळखतं आणि ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहू शकतं. अशा वेळी स्लाइड बघून घ्यावी.

उपचारानंतर महिनाभरात परत ताप आला तर खरोखर औषध फसलंय का, हे शोधावंच लागतं. येताना गोळ्यांची पाकिटं, रिकामी असोत वा उरलेली, सगळी घेऊन या. पहिला ताप कधी आला ती तारीख, जुना रिपोर्ट आणि मधल्या काळात परगावी मुक्काम झाला असेल तर त्या गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणा.