लाटांमध्ये छोट्या होडीचा नांगर कसा टाकावा

खाडीच्या मुखाशी गरीला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, बसायचं म्हटलं की धक्क्यावरचा सल्ला ठरलेला: ‘नांगर जड घे.’ पंधरा-सोळा फुटी होडी लाटेत नुसत्या वजनावर थांबत नाही. दोर लांब असला तर ओढ आडवी बसते, नांगर तळात रुततो. आखूड दोर त्याला प्रत्येक लाटेगणिक उचकटतो.

रेती-चिखलाला फाळाचा नांगर, खडपाला, म्हणजे खडकाळ तळाला, आकड्यांचा. त्याला होडीच्या लांबीइतकी साखळी, पुढे नायलॉनचा दोर. तरंगणारा स्वस्त दोर नको, इंजिनाच्या पंख्यात जातो.

आता दोराचा हिशोब. लोक फक्त खोली धरतात. त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची आणि चढणारी भरतीही मिळवा. पाणी 4 मीटर, नाळ अर्धा मीटर वर, भरती अजून 2 मीटर चढणार: झाले साडेसहा. लाटा असतील तर याच्या सातपट, म्हणजे 45 मीटरच्या वर दोर सोडा. ‘एवढा कशाला?’ म्हणणारा होडीत असेलच, त्याला गरी धरायला बसवा.

नाळ वाऱ्याकडे करून थांबा, नांगर हाताने खाली सोडा. भिरकावलात तर साखळी त्यातच गुंतते. दोराच्या वेटोळ्यात पाय नको. होडी मागे वाहील तसा दोर सोडा, मग नाळेवरच्या खुंटाला बांधा. ताणलेल्या दोरावर तळहात ठेवा: घसरणाऱ्या नांगराची घरघर हाताला कळते. शिवाय किनाऱ्यावरचा माड आणि त्यामागचं घर एका रेषेत धरून ठेवा; रेषा मोडत गेली तर होडी सरकतेय.

मागच्या फळीला नांगर कधीही बांधू नका. फळी बुटकी, त्यावर इंजिनाचं वजन. दोराने खाली ओढलेली फळी लाटेवर उचलली जात नाही आणि पाणी थेट आत येतं. ओहोटी जोरात बाहेर आणि वारा समुद्राकडून आत, अशा वेळी तर नाळेला बांधूनही धोका आहे. प्रवाह नाळ खाडीकडे फिरवतो, लाटा मागून बसतात. तिथे थांबूच नका, आत सरका.

काढताना सावकाश नांगराच्या बरोबर वर या आणि ओढा. खडपात अडकलाच तर दोराला रिकामा कॅन बांधून सोडून द्या, वारा पडल्यावर या.