कोरियाच्या खेड्यात जाताना तारीख बघून जा

आपला आठवडी बाजार वार धरून भरतो, कोरियातला गावबाजार मात्र तारीख धरून, दर पाच दिवसांनी. त्याला ‘ओइलजांग’ म्हणतात. गांगवॉन प्रांतात जॉंगसॉनला तो २, ७, १२, १७, २२ आणि २७ तारखेला असतो. मुक्काम तसाच आखा, एरवी गेलात तर ती गजबज दिसेलच असं नाही. तिथे आज्या तव्यावर कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं टाकतात, आत किमची (आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं) भरून त्याची झटपट गुंडाळी करतात. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण किमचीत बहुधा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. डोंगरी पाला घालून शिजवलेला ‘गोन्द्रेबाप’ हा भात मात्र जरूर मागा. सुटे पैसे जवळ ठेवा, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्याच विचारून घ्या.