पुण्यातला फ्रीलान्सर आणि ॲडव्हान्स टॅक्स: आकडा कसा काढायचा

टीडीएस (क्लायंटने पैसे देतानाच तुमच्या नावावर कापलेला कर) वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो वर्ष संपायच्या आत भरावा लागतो. हाच ॲडव्हान्स टॅक्स. खालचा सगळा हिशेब २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा आणि नव्या करप्रणालीचा आहे. कलमांचे क्रमांक १९६१च्या आयकर कायद्यातले आहेत.

बँक स्टेटमेंट उघडून जमा रकमांची बेरीज मारणं ही सगळ्यात नेहमीची चूक. हिशेब बिलांवरून करा. समजा, बाणेरमधल्या कंपनीला १,००,००० रुपयांचं बिल लावलं आणि वर १८,००० जीएसटी. कंपनी मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस कापते, म्हणून खात्यात १,०८,००० येतात. तुमची कमाई १,०८,००० नाही आणि १,१८,०००ही नाही, ती १,००,०००च. जीएसटी सरकारचा, आणि १०,००० तुमच्या नावावर आधीच भरलेला कर. एक्सेलमध्ये प्रत्येक बिलापुढे मूळ रक्कम, जीएसटी, टीडीएस आणि खात्यात आलेली रक्कम असे चार रकाने ठेवले की मार्चमध्ये डोकं धरून बसावं लागत नाही.

आता कलम ४४एडीए. यात एकूण जमेच्या (म्हणजे बिलांच्या मूळ रकमांच्या बेरजेच्या) ५० टक्के रक्कम उत्पन्न धरतात, खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाखांची. रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. पण हे कलम ठरावीक व्यवसायांनाच लागू आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, माहिती तंत्रज्ञान आणि आणखी काही. कंटेंट रायटिंग किंवा शिकवणी त्या यादीत नाही. ‘फ्रीलान्सर आहे म्हणजे ४४एडीए’ असं धरून चालू नका. यादीत बसत नसाल तर सीएला आधी विचारा.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. कोथरूडमधून घरबसल्या काम करणारा सॉफ्टवेअर डेव्हलपर. वर्षाची जमा ३२ लाख: २६ लाख परदेशी क्लायंटकडून, ६ लाख भारतीय कंपन्यांकडून. (जमा २० लाखांच्या वर आहे, म्हणजे जीएसटी नोंदणी हवीच, परदेशी बिलंही त्या २० लाखांत मोजली जातात.) निम्मे, म्हणजे १६ लाख उत्पन्न. वर एफडीचं व्याज ४०,०००. एकूण १६,४०,०००.

पहिल्या ४ लाखांवर शून्य. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के, ४०,०००. १२ ते १६ वर १५ टक्के, ६०,०००. उरलेल्या ४०,०००वर २० टक्के, ८,०००. बेरीज १,२८,०००, त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) ५,१२०. एकूण १,३३,१२०. भारतीय बिलांवर कापलेला टीडीएस ६०,०००. भरायचे राहिले ७३,१२०.

हा उरलेला आकडा मोठा दिसतो तो परदेशी बिलांमुळे, कारण तिथे टीडीएस कापलाच जात नाही. या टप्प्यावर १ लाखाचं नवं बिल आलं की ५०,००० उत्पन्न वाढतं आणि कर १०,४००. पैसे आले त्याच दिवशी तेवढे वेगळ्या खात्यात टाका.

जमा २४ लाखांच्या आसपास असेल तर जास्त जपून. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे (करातल्या सुटीमुळे) कर शून्य होतो, पण लोक एफडीचं व्याज विसरतात. १२ लाखांवर ३०,००० व्याज असेल तर मार्जिनल रिलीफ (१२ लाखांवरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून मिळणारी सवलत) धरूनही ३०,००० अधिक सेस, म्हणजे ३१,२०० भरावे लागतात. शेअर विकून झालेल्या, विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्याला तर हा रिबेट मिळतच नाही.

४४एडीए घेणाऱ्याला पूर्ण रक्कम एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरता येते. प्रत्यक्ष खर्च वजा करणाऱ्याला मात्र चार हप्ते: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. अशांनी खर्च धरताना घरभाडं, महावितरणचं बिल आणि इंटरनेट कामापुरतंच धरावं. नव्या लॅपटॉपची पूर्ण किंमत एका वर्षात वजा होत नाही: घसारा ४० टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्माच.

१५ मार्च चुकला तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम ॲडव्हान्स टॅक्सच धरतात. वरच्या उदाहरणात तेवढ्या उशिराचं कलम २३४सी खाली १ टक्का, ७३१ रुपये व्याज. जुलैअखेरपर्यंत ओढलंत तर २३४बी खाली चार महिन्यांचे आणखी २,९२४.

महाराष्ट्राचा व्यवसाय कर यात धरलेला नाही. पीटीईसी (स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याची व्यवसाय कराची) नोंदणी असेल तर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत, राज्याच्या जीएसटी पोर्टलवर. पगारदार महिलांना २५,०००पर्यंतच्या मासिक पगारावर जी सूट आहे, ती पीटीईसीला लागू नाही. आणि ४४एडीएमध्ये हे २,५०० वेगळे वजा करता येत नाहीत.

टीडीएस २६एएसवर (तुमच्या नावावर जमा झालेला कर दाखवणारं आयकर खात्याचं विवरण) ताडून पाहा, पण जानेवारी ते मार्चची कपात १५ मार्चला तिथे दिसणार नाही. ती तुमच्या रकान्यांतून घ्या. आधीच्या तिमाहीची कपात मात्र दिसायलाच हवी. नसेल तर त्या कंपनीच्या अकाउंट्सला लगेच मेल करा.

चलन आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मधून भरायचं. तिथे निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) २०२६-२७ निवडा. २०२५-२६ हे आर्थिक वर्ष डोक्यात असतं आणि बोट तिथेच जातं. प्रकार ‘ॲडव्हान्स टॅक्स (१००)’. ३०० हा कोड वर्ष संपल्यावरच्या सेल्फ असेसमेंटचा. वर्ष चुकलं तर त्याच पोर्टलवरून चलन दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी टाका.