पिक्सेल माळेची वीज मोजताना सापडलेली चूक

दिवाळीसाठी गॅलरीच्या कठड्यावर मी 5 व्होल्टच्या 300 पिक्सेल एलईडींची माळ लावली (प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात), तेव्हा पूर्ण पांढरा रंग दिल्यावर शेवटचे दिवे पिवळट-तांबूस दिसू लागले. एका पिक्सेलला कमाल 60 मिलिअँपिअर धरले तर 18 अँपिअर, म्हणजे 5 व्होल्टला 90 वॉट होतात आणि माझा पॉवर सप्लाय 20 अँपिअरचा होता. त्यामुळे तो अपुरा पडत नसावा, हे उघड होते. भिंतीच्या सॉकेटमध्ये वॉटमीटर लावला, तर आकडा आला फक्त 48 वॉट. हा आकडा पाहून मला आधी समाधानच वाटले, आणि तिथेच माझी चूक झाली.

मल्टिमीटरने पाहिले तर माळेच्या सुरुवातीला 4.9 व्होल्ट होते, पण शेवटी जेमतेम 3.6. बारीक तारेत विजेचा दाब (व्होल्ट) घटला की निळा आणि हिरवा एलईडी आधी मंदावतो, लाल मात्र तग धरतो. म्हणजे वीज कमी लागत नव्हती, ती पोचतच नव्हती. मग मी जाड तारेने त्याच सप्लायमधून मध्ये आणि शेवटी स्वतंत्र जोडणी दिली, प्रत्येक जोडणीला फ्यूज बसवला आणि पुन्हा मोजले: 71 वॉट, सप्लायमधील नुकसान धरून. शेवटचा दिवा पहिल्याइतकाच पांढरा दिसला.

मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या जोडणीतून हा प्रवाह मोजू नये, त्याचा फ्यूज उडू शकतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटरच (तार न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारा) वापरावा. 30 टक्के प्रकाशावर रंगीत नक्षी चालवली, तर वॉटमीटर 14 वॉटच्या आसपास राहतो.